डावीकडे वळणारा चेंडू

‘ड्रायव्हर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटार हाकणारा गृहस्थ उभा राहतो. गोल्फच्या खेळात मात्र ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याचा फटका मारावयाची, मोठ्या पोकळ डोक्याची काठी. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आणि हैदराबादेस गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत गोल्फची मैदाने आहेत. तेव्हा आपल्यापैकी काहींनी ही काठी पाहिलीही असेल.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास या खेळाचा नाद आहे. एका स्पर्धेतून तो मध्येच बाद होऊन परतला. खेळ चालू असताना त्याने खिशातील पाना काढून ड्रायव्हरचा स्क्रू फिरवला आणि त्याच काठीने पुढचा फटका मारला, एवढाच त्याचा अपराध. “सर, चेंडू सारखा डावीकडे पळत होता. तो सरळ करायला गेलो,” असे तो खिन्नपणे म्हणाला. त्याचे कोठे चुकले, हे समजण्यासाठी आधी चेंडू का वळतो ते पाहिले पाहिजे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत जोराने डावीकडे वळला, तर त्या दोषास ‘हूक’ म्हणतात. काठीच्या डोक्याची चेंडूवर आदळणारी बाजू, तिला आपण तोंड म्हणू. काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यात तोंड ज्या दिशेस असेल, बहुतांशी त्याच दिशेने चेंडू निघतो. पण काठीचा मार्ग एकीकडे आणि तोंड त्याच्या डावीकडे मिटलेले असेल, तर चेंडूच्या फिरकीची आस कलते आणि चेंडू डावीकडे झुकत जातो. तोंड व मार्ग यांतील हे अंतर कमी करणे, हाच हूकवरील उपाय होय.

पूर्वी ड्रायव्हरची घडण कारखान्यातच कायमची ठरत असे. 2004 साली टेलरमेड कंपनीच्या ‘आर-सेव्हन क्वाड’ या ड्रायव्हरमध्ये चार वजने हलविण्याची सोय झाली. आणि 1 जानेवारी 2008 पासून नियमांनी इतर प्रकारच्या जुळवणीसही मुभा दिली. आज अनेक ड्रायव्हरांचा दांडा डोक्यात बसतो तेथे फिरविता येणारी बाही असते.

या बाहीने तोंडाचा चढ, म्हणजे ‘लॉफ्ट’, एक-दोन अंशांनी कमीजास्त करता येतो. बहुतेक बनावटींत चढ कमी केला की काठी जमिनीवर टेकविताना तोंड किंचित उजवीकडे उघडते. हूकवाल्यास हेच हवे असते. पण येथेच एक फसगत आहे. उघडे तोंड पाहून खेळाडू अस्वस्थ होतो आणि मनगट वळवून ते पुन्हा सरळ करतो. मग तोंड उघडल्याचा लाभ जातो आणि कमी झालेला चढ तेवढा पदरी पडतो. चढ कमी म्हणजे उलट फिरकी कमी, आणि ती कमी झाली की चेंडू अधिकच वळतो! म्हणून तोंड जसे टेकेल तसेच राहू द्यावे.

दुसरा उपाय वजनाचा. डोक्याच्या दांड्याकडील बाजूस टाच व दूरच्या टोकास चवडा म्हणू. हलविता येणारे वजन चवड्याकडे नेले की गुरुत्वमध्य तिकडे सरकतो. त्यामुळे तोंड मिटण्यास थोडा विलंब लागतो. शिवाय मध्यावर बसलेला फटकाही गुरुत्वमध्याच्या टाचेकडील बाजूस पडतो आणि चेंडूस उजवीकडे वळविणारी थोडी फिरकी मिळते. तिसरा उपाय, काही बनावटींत दांड्याचा कोन अधिक आडवा करता येतो. त्यानेही तोंडाची दिशा उजवीकडे सरकते. परंतु ड्रायव्हरचा चढ मुळात कमी असल्याने हा परिणाम अल्पच असतो.

हे तिन्ही उपाय एकदम करू नयेत. एक बदल करावा, सरावाच्या जागी दहा-पंधरा चेंडू मारावेत, ते कोठे पडले याची नोंद ठेवावी आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. प्रयोगशाळेतला नियम मैदानावरही तोच आहे.

स्पर्धेची फेरी सुरू झाल्यावर मात्र पान्यास हात लावू नये. फेरीत काठीचे गुणधर्म मुद्दाम बदलून तिने फटका मारल्यास खेळाडू बाद होतो. फटका मारण्यापूर्वी जुळवणी पूर्ववत केली, तर दोष लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यास एवढे ठाऊक असते, तर त्याचा दिवस वाया गेला नसता.

पण त्यास मी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेचा थोर खेळाडू बेन होगन यास ऐन उमेदीत हूकने छळले होते. तेव्हा असे स्क्रू नव्हते. त्याने काठीवरील आपली पकड बदलली, डाव्या मनगटाची ठेवण बदलली आणि 1955 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात ते रहस्य सांगितले. पकडीत हात फार उजवीकडे वळलेले असतील, तर फटक्याच्या वेळी तोंड मिटणारच. पाना तो दोष थोडासा झाकील, घालविणार नाही. यास्तव आधी आरशासमोर उभे राहून आपली पकड पाहावी, जाणत्याकडून तपासून घ्यावी आणि उरलेल्या एक-दोन अंशांसाठी स्क्रू फिरवावा. काठीस बोल लावण्यापूर्वी हाताची चौकशी केलेली बरी, आणि ती पैशानेही स्वस्त पडते!