अंगठ्याचे दुखणे आणि मोबाईलवरचा आखाडा

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तक्रार उजव्या अंगठ्याची. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला सूज होती आणि पाण्याचा तांब्या उचलतानासुद्धा कळ येत होती. मी त्याला अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले, तसा तो कळवळला. अंगठा हलविणाऱ्या दोन स्नायुरज्जूंचे आवरण सुजले की असे होते. पूर्वी हे दुखणे मी तान्ह्या मुलांच्या आयांमध्ये आणि विडी वळणाऱ्या बायकांमध्ये पाहत असे. आता कॉलेजची मुले ते घेऊन येतात.

"रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल असतो बघा हातात," आई म्हणाली. त्यावर मुलगा उसळला. "डॉक्टर, हा टाइमपास नाही. आमची चौघांची टीम आहे, स्पर्धा असतात. सरकारनंसुद्धा याला खेळ म्हटलंय."

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'ई-स्पोर्ट्स' हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हे खेळ प्रदर्शनीय म्हणून ठेवले होते. तेथे भूजच्या तीर्थ मेहताने संगणकावर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या एका खेळात कांस्यपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझोऊला तर खरीखुरी पदके दिली गेली. ही कल्पनाही आजची नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑक्टोबर १९७२ मध्ये अशी पहिली स्पर्धा झाल्याची नोंद आहे. बक्षीस काय, तर एका मासिकाची वर्षभराची वर्गणी! आज मोठ्या स्पर्धांची बक्षिसे कोटींत असतात आणि मुलांच्या डोळ्यांपुढे तेच आकडे नाचतात.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. पैसे लावून खेळायची ऑनलाईन रमी आणि ई-स्पोर्ट्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आपला मुलगा यांपैकी काय खेळतो, हे पालकांनी आधी विचारावे. ओरडायचे ते नंतर.

या खेळांत काहीच चांगले नाही, असे मी म्हणणार नाही. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी अधिक गोष्टी टिपते, हे २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. २००७ च्या एका पाहणीत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे जे सर्जन पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळत असत, त्यांच्या सरावात सुमारे ३७ टक्के कमी चुका आढळल्या. मुळात चपळ हाताची माणसेच खेळाकडे वळत असतील, हीही शक्यता आहेच. शिवाय ते तीन तास आठवड्याचे होते. आमच्या या पठ्ठ्याचे तेवढे एका रात्रीत होत होते.

खरे नुकसान अंगठ्याचे नव्हे, झोपेचे होते. सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी. पडद्याचा उजेड मेंदूला 'अजून दिवस आहे' असे सांगतो, त्यामुळे झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य उशिरा तयार होते. त्यात अटीतटीचा डाव हरलेला मुलगा मोबाईल ठेवला तरी तासभर तळमळत राहतो. सकाळी साडेसहाला क्लास. म्हणजे झोप मिळाली साडेतीन-चार तास. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो, तेच बुडाले. आणि गंमत म्हणजे, ज्या चपळाईच्या जोरावर सामना जिंकायचा, ती चपळाईही अपुऱ्या झोपेने मंदावते.

डोळ्यांचेही तसेच. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. चष्मा लागू नये म्हणून वाढत्या मुलांनी रोज दीड-दोन तास मोकळ्या उजेडात असणे चांगले. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी ते शक्य नाही हे खरे, पण सकाळ-संध्याकाळ मैदाने ओस का असतात? भान हरपण्याची किंमत कधी याहून भयंकर असते. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वेरुळांजवळ मोबाईलवर असाच खेळ खेळणारे दोन तरुण गाडीखाली सापडले.

मग याला व्यसन म्हणायचे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'गेमिंगचा विकार' १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात तासांची संख्या दिलेली नाही. खेळावर ताबा न राहणे, जेवण-अभ्यास-नाती यांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे न थांबणे, ही लक्षणे साधारण वर्षभर असली तरच त्याला विकार म्हणतात. महिनाभर खेळलेल्या प्रत्येक मुलावर हा शिक्का मारू नये. पण मोबाईल काढून घेताच जो मुलगा घरच्यांवर हात उगारतो किंवा जेवण सोडतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

आमच्या मुलाचा ताबा पूर्ण सुटलेला नव्हता. त्याला मी एवढेच विचारले, "अरे, कोणत्या तालमीतला वस्ताद पोराला रात्री दोनपर्यंत जोर मारायला लावतो? खुराक आणि झोप नसेल तर त्याला तालीम म्हणतात का?" तो गप्प झाला. तो खेळत होता तो बीजीएमआय २०२३ साली भारतात परतला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. याने वडिलांच्या नावावर खाते उघडले होते. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, त्यांना पत्ताही नव्हता.

अंगठ्याला तीन आठवडे आधारपट्टी आणि तेवढे दिवस खेळ बंद. पुढे सराव संध्याकाळी सात ते नऊ, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहणे, दर तासाला उठून मान-खांदे मोकळे करणे आणि रात्री दहानंतर मोबाईल आईच्या उशाशी. आईलाही सांगितले, "ताई, चालू सामन्यात मोबाईल हिसकावू नका. वेळ आधी ठरवा आणि ती पाळायला लावा."

महिन्याने तो आला तेव्हा सूज उतरली होती आणि तो साडेदहाला झोपत होता. पण टीमचा सराव रात्री अकराला सुरू होतो, म्हणून त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला होता. त्याचे त्याला फार लागले होते. दहाच्या आत सराव संपवणारी टीम तो सध्या शोधतो आहे.