एका सुईत दोन, पण दोन सुया नकोत!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ट्रॉम्बेतल्या एका ओळखीच्या घरी गेले होते. तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर त्या घरच्या वहिनींनी मला हळूच स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीज उघडला. आत इंजेक्शनची दोन पेनं!

"ताई, हे मला डॉक्टरांनी दिलेलं. आणि हे नणंदेचं उरलेलं. औषधं वेगवेगळी आहेत म्हणे. दोन्ही घेतली तर वजन दुप्पट उतरेल ना हो?"

"अहो वहिनी, थांबा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मैत्रिणींनो, २०२५ च्या मार्चमध्ये 'माउंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोवी' भारतात आलं, तेव्हापासून बायकांच्या गप्पांत या आठवड्याच्या सुईचा विषय हमखास निघतो. म्हणून ही भानगड जरा मुळापासून पाहू या.

आपण जेवलो की आतड्यातून काही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, रक्तात उतरतात. अमिनो आम्लांच्या या छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातलंच एक जीएलपी-१. ते इन्सुलिन सोडायला मदत करतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं, 'आता पुरे!' पण शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांतच विरून जातं. औषधातलं त्याचं रूप मात्र आठवडाभर टिकेल असं घडवलेलं असतं.

रक्तातलं हे कणभर संप्रेरक मोजता येऊ लागलं ते एका बाईमुळे! न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर किरणोत्सारी आयोडिनाची खूण लावून इन्सुलिन मोजण्याची युक्ती काढली. त्यासाठी त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही त्याच पद्धतीने थायरॉइडची संप्रेरकं मोजण्याचे संच तयार केले. पुढे यॅलोंच्याच रुग्णालयातले डॉ. जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखंच, पण जास्त टिकणारं पेप्टाइड सापडलं. त्यावरून बनलेल्या मधुमेहाच्या औषधाला २००५ साली अमेरिकेत परवानगी मिळाली.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. दोन संप्रेरकं एकत्र आणण्याची कल्पना खोटी नाही. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड एकट्या जीएलपी-१ चं काम करतं. माउंजारोतलं टिर्झेपाटाइड जीएलपी-१ आणि जीआयपी अशा दोघांचं काम एकाच रेणूत करतं. दोन्हींची तुलना केली तेव्हा ७२ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १३.७ टक्के, तर टिर्झेपाटाइडने २०.२ टक्के वजन उतरलं. इन्सुलिनबरोबर स्रवणाऱ्या अमायलिनसारखं औषध सेमाग्लुटाइडला जोडूनही मोठ्या चाचण्या झाल्या आहेत.

पण ही जोडी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तोलून-मापून बसवलेली असते. आपल्या फ्रीजमधली जोडी तशी नव्हे! वहिनींच्या दोन्ही पेनांत जीएलपी-१ चंच काम होतं. म्हणजे आमटीत एकदा मीठ घातलेलं असताना दुसऱ्या डब्यातलं मीठ पुन्हा घालण्यासारखं. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं हे त्रास मात्र वाढतात. शिवाय एकाचं पेन दुसऱ्याने वापरू नये. सुई बदलली तरी रक्तातून रोग लागण्याची भीती राहतेच.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

● मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगा.

● संततिनियमनाच्या गोळ्या घेत असाल तर टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखा दुसरा उपायही हवा. गोळीचा असर कमी होऊ शकतो.

● मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. गरोदरपणात ही औषधं नकोतच.

● घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल किंवा स्वतःला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, तर ते लपवू नका.

● पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

● भूक मेली म्हणून नुसत्या चहावर राहू नका. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे पोटात जाऊ द्या, चालणं-व्यायाम ठेवा. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आणि हो, सुई बंद केली की भूक परत येते. एका चाचणीत ३६ आठवड्यांनंतर टिर्झेपाटाइड थांबवलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के पुन्हा वाढलं. म्हणून सुरू करण्यापूर्वीच किती दिवस घ्यायचं, खर्च झेपेल का, हे घरात बसून ठरवा.

लठ्ठपणा हा आळशीपणा नव्हे, तो आजार आहे. त्यावर औषध घेण्यात लाज कसली? पण ते डॉक्टरांना विचारून, एकच आणि आपल्याच नावाचं!

परवा वहिनी भेटल्या. नणंदेचं पेन त्यांनी परत केलंय. डॉक्टरांनी सांगितलेला पहिला, छोटा डोस सुरू आहे. "ताई, लाडू एकच खाल्ला हो," म्हणत हसल्या. मला तेवढंच पुरेसं वाटलं.