नाव आणि निदान : बालकांच्या जबड्यातील साध्या गाठींच्या परिभाषेचा विचार

मुलाच्या जबड्यावर सूज दिसली की आईबाप डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘गाठ साधी आहे ना?’ हा. या प्रश्नातील ‘साधी’ या विशेषणाचा अर्थ ‘कॅन्सरची नव्हे’ एवढाच असतो. परंतु बोलीभाषेत ‘साधे’ म्हणजे ‘दुर्लक्ष केले तरी चालेल असे’ हाही अर्थ त्याला चिकटलेला आहे. वैद्यकातील ‘बेनाइन’ हा शब्द तरी काही अधिक नेमका आहे असे नाही. त्याचे मूळ ‘दयाळू’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. प्रत्यक्षात असली गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही, एवढीच काय ती तिची दया. हाड पोखरणे, दात जागेवरून ढकलणे, चेहऱ्याची ठेवण बिघडवणे या गोष्टी ती सावकाश, आणि पुष्कळदा मुळीच न दुखता, करीत असते.

बालकाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर दाटीने बसलेले असतात आणि हाडाची वाढही चालू असते. तेथे चालविलेली शस्त्रक्रियेची सुरी केवळ गाठ काढीत नाही. पुढे येणारे दात आणि पुढे घडणारा चेहरा हेही तिच्या टप्प्यात येतात. न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती द्रवाने भरलेली पिशवी तयार होते, तिला दंतधारी पुटी म्हणता येईल. प्रौढात ती बहुधा दातासह काढून टाकतात; बालकात मात्र तिला एक खिडकी पाडून आतला दाब कमी केला, तर पिशवी आकसते आणि अडकलेला दात पुष्कळदा आपल्या आपण उगवतो. अर्थात हे करण्यापूर्वी ती दंतधारी पुटीच आहे, दुसरे काही नाही, हे ठरवावे लागते.

ठरविणे सोपे नसते. क्ष-किरण छायाचित्रात यांपैकी बहुतेक विकृती हाडातील काळसर पोकळीच्या रूपाने दिसतात, आणि निरनिराळ्या विकृतींच्या पोकळ्या एकमेकींसारख्या असू शकतात. म्हणून इतिहास, स्पर्श, छायाचित्र या क्रमाने जाऊन, सुरी लावण्यापूर्वी पोकळीत सुई घालून पाहण्याचा प्रघात आहे. सुईतून पिवळसर द्रव आला तर पुटीचा संशय बळावतो. ताजे रक्त जोराने आले तर आत रक्तवाहिन्यांचे जाळे असण्याचा संभव असतो, आणि तेथे तुकडा कापणे प्राणावर बेतू शकते. त्यानंतर ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि अहवालावर एक नाव उमटते. शस्त्रवैद्य ते नाव वाचून पुढचा निर्णय घेतो. म्हणूनच नावाची घडण हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे पूर्वी ‘ॲडिनोअमेलोब्लास्टोमा’ या नावाने ओळखली जाणारी गाठ. ‘अमेलोब्लास्टोमा’ हे १९३० पासून रूढ झालेले नाव जबड्याच्या एका साध्या, पण हट्टी अर्बुदाचे आहे. ते भोवतालच्या हाडात शिरकाव करते आणि नुसते खरवडून काढल्यास पुष्कळदा पुन्हा उद्भवते. म्हणून त्याच्या नेहमीच्या प्रकारात सभोवारचे एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाडही कापावे लागते. (नावाचा अर्थ दातावरील कवच घडविणाऱ्या पेशींचे अर्बुद असा होत असला तरी हे अर्बुद कवच मुळीच घडवीत नाही, ही गोष्ट वेगळी.) या शब्दाला ‘ग्रंथी’ या अर्थाचे पूर्वपद लावून वरील नाव सिद्ध झाले होते. आता ज्या समासात उत्तरपद प्रधान असते, त्यातील पूर्वपद जाती बदलीत नाही. नीलकमल हे कमळच असते. तद्वतच वाचणाऱ्याच्या मनात ही गाठ अमेलोब्लास्टोमाचाच एक पोटप्रकार ठरली. वस्तुतः ती बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात, मुलांपेक्षा मुलींत अधिक, वरच्या जबड्यात न उगवलेल्या सुळ्याच्या आसपास आढळते. तिला स्वतःचे आवेष्टन असते, ती अलगद सुटून येते, आणि पुन्हा उद्भवल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तिच्यासाठी जबड्याचा तुकडा कापणे म्हणजे एका समासाची किंमत त्या मुलीच्या चेहऱ्याने देणे होय. १९४८ मध्ये स्टाफ्ने यांनी तिचे वेगळेपण दाखविले होते. तथापि जुने नाव पुढेही वापरात राहिले. १९६९ मध्ये फिलिप्सेन आणि बर्न यांनी ‘ॲडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर’ हे नाव सुचविले. मराठीत त्याचा अनुवाद ‘ग्रंथिसदृश दंतजन्य अर्बुद’ असा करता येईल. येथे दोन गोष्टी साधल्या : फसवे उत्तरपद गेले, आणि ‘सदृश’ या अर्थाच्या प्रत्ययाने ‘ग्रंथीसारखे दिसते, ग्रंथी नव्हे’ ही कबुलीही दिली.

अर्भकांत वरच्या जबड्याच्या पुढील भागी झपाट्याने वाढणाऱ्या निळसर-काळ्या गाठीचेही असेच झाले. १९१८ मध्ये क्रोम्पेखर यांनी तिला जन्मजात कर्करोगाचे नाव दिले. ती बहुधा साधी असते, जरी काही वेळा पुन्हा उद्भवते आणि क्वचित घातकही ठरते. तिच्या पेशींचे मूळ भ्रूणातील मज्जातंतूंच्या पूर्वजांशी आहे हे ध्यानात घेऊन १९६६ मध्ये बोरेलो आणि गॉर्लिन यांनी आजचे नाव सुचविले.

नाव बदलले की ज्ञान पुढे सरकलेच, असे मात्र मानता येत नाही. फिलिप्सेन यांनीच १९५६ मध्ये ‘केराटोसिस्ट’ हे नाव एका पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या पुटीला दिले. २००५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला अर्बुदाच्या वर्गात टाकण्यात आले. २०१७ मध्ये, पुरावा अपुरा असल्याने, ती पुन्हा पुटी झाली. या बारा वर्षांत पेशी बदलल्या नव्हत्या. बालरोग्यापुरते महत्त्वाचे हे की, अशा पुटी एकाहून अधिक आढळल्यास गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक लक्षणसमूहाचा शोध घ्यावा लागतो, आणि त्या मुलास अनावश्यक किरणोत्सारापासून जपावे लागते.

महाकाय पेशींच्या गाठीस जॅफे यांनी १९५३ मध्ये दिलेल्या नावात ‘दुरुस्ती करणारा’ अशा अर्थाचे विशेषण होते. पुढे यातील काही गाठी वेगाने वाढून दातांची मुळे खातात हे लक्षात आले आणि ते विशेषण गळाले. येथे सूक्ष्मदर्शकही अपुरा पडतो. परावटू ग्रंथीच्या विकारातही हुबेहूब असेच चित्र दिसते, म्हणून रक्तातील कॅल्शियम आणि त्या ग्रंथीचे संप्रेरक तपासल्यावाचून शस्त्रक्रियेचा विचार करू नये.

‘चेरुबिझम’ हे नाव याहून चमत्कारिक आहे. जोन्स यांनी १९३३ मध्ये एका कुटुंबातील तीन भावंडांच्या जबड्यांचे वर्णन केले, आणि काही वर्षांनी हे नाव योजिले. मूळ हिब्रू ‘केरुब’ हा धाक उत्पन्न करणारा पंखधारी रक्षक होय. गुबगुबीत गालांचे, वर पाहणारे बालक हे रूप त्याला युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रकारांनी दिले. या मुलांचे दोन्ही गाल फुगतात आणि डोळ्यांखालचे हाड वाढल्यास बुबुळांखालचा पांढरा भाग दिसू लागतो. त्यामुळे दृष्टी आकाशाकडे लागल्यासारखी भासते. नाव चित्रकलेतून आले असले तरी त्याने एक उपकार केला : गाठीच्या जातीबद्दल ते काहीच सांगत नाही, त्यामुळे फसवीतही नाही. याउलट ‘आनुवंशिक तंतुमय विकृती’ हे त्याचे दुसरे नाव शास्त्रीय वाटते आणि चुकीचे आहे. कारण तंतुमय विकृती हा आनुवंशिक नसलेला स्वतंत्र रोग आहे, तर चेरुबिझमशी संबंधित जनुक २००१ मध्ये निश्चित झाले. हा रोग बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात प्रकट होतो आणि तारुण्यागमनानंतर ओसरू लागतो. दृष्टी, श्वास किंवा अन्न गिळणे यांना बाधा नसेल तर दातांची निगा राखीत वाट पाहणे हाच बहुधा योग्य उपचार ठरतो.

मराठीत ‘देवदूतमुखता’ असा शब्द बनविता येईल. परंतु आपल्याकडील वाचकाच्या मनात देवदूताला गुबगुबीत गाल नाहीत. मूळ शब्द देवनागरीत ठेवणे येथे अधिक प्रामाणिक होय. ‘ग्रंथिसदृश’सारखी घडण मात्र अवश्य स्वीकारावी, कारण तिचा अवयव न् अवयव मराठी विद्यार्थ्याला कळतो. आणि ‘साधी गाठ’ हा लोकांचा शब्द काढून टाकता येणार नाही, तशी गरजही नाही. डॉक्टरांनी तो उच्चारताना त्याच वाक्यात पुढील तपासणीची तारीख सांगावी.