धर्मचिन्हे आणि कामाच्या ठिकाणचे नियम

मनुष्य कामावर येतो तेव्हा आपली श्रद्धा उंबरठ्याबाहेर ठेवून येत नाही. कोणाच्या गळ्यात मंगळसूत्र असते, कोणाच्या गळ्यात तुळशीची माळ अथवा क्रूस, तर कोणाच्या मस्तकी पगडी. दुसऱ्या बाजूने संस्थेलाही गणवेश, स्वच्छता व सुरक्षितता यांसाठी नियम करावे लागतात. या दोहोंत विरोध उत्पन्न झाल्यास निवाडा कोणत्या कसोटीवर करावा, हे इंग्लंडमधील दोन प्रकरणांवरून उत्तम प्रकारे ध्यानी येते.

नादिया इवेडा या ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीत प्रवाशांच्या नोंदणीचे काम करीत. २००६ साली त्या गणवेशावर लहानसा क्रूस उघडपणे घालू लागल्या. नियमात तो बसत नसल्यामुळे सप्टेंबर २००६ मध्ये त्यांना बिनपगारी घरी पाठविण्यात आले. शर्ली चॅप्लिन या एक्सेटर येथील रुग्णालयात वृद्ध रुग्णांच्या कक्षात परिचारिका होत्या. त्यांनाही गळ्यातील क्रूसाची साखळी काढण्यास सांगण्यात आले. रुग्ण साखळी ओढील, अथवा लोंबता क्रूस उघड्या जखमेस लागेल, अशी रुग्णालयास भीती होती. क्रूस गणवेशावर टाचावा किंवा उंच गळ्याच्या वस्त्राआड घालावा, असे पर्याय सुचविण्यात आले. ते त्यांस मान्य झाले नाहीत.

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी दोन्ही तक्रारींचा निर्णय एकाच निकालपत्रात दिला. धर्मचिन्ह एकच, निर्णय मात्र भिन्न. इवेडा यांच्या बाजूने पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. त्यांचा क्रूस लहान व साधा होता. पगडी व हिजाब यांस कंपनीने पूर्वीच अनुमती दिली होती आणि त्यामुळे तिच्या लौकिकास बाध आल्याचा पुरावा नव्हता. शिवाय फेब्रुवारी २००७ मध्ये कंपनीने आपण होऊन नियम बदलला होता. चॅप्लिन यांची तक्रार मात्र एकमताने अमान्य झाली. कारण रुग्णांचे आरोग्य व सुरक्षितता हे प्रयोजन संस्थेच्या बाह्य रूपापेक्षा कितीतरी वजनदार ठरले.

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे. परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे. कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणात अंतर्भूत असल्याचे त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे.

हा विचार शाळेच्या स्वयंपाकगृहासही लागू पडतो. पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनीच्या हातातील काचेच्या बांगडीचा तुकडा अन्नात पडू शकतो. म्हणून तेथे बांगड्यांविषयी नियम करणे सयुक्तिक आहे. मात्र मंगळसूत्र पदराआड घ्या असे सांगणे आणि ते काढून ठेवा असे फर्माविणे, यांत फार अंतर आहे. पहिल्याने काम सुरक्षित होते. दुसऱ्याने मन दुखावते आणि अधिक काही साधत नाही.

तात्पर्य, मुख्याध्यापकांनी नियम करण्यापूर्वी तीन प्रश्नांचा विचार करावा. या नियमाने कोणती हानी टळते? तो सर्व धर्मीयांस सारखाच लागू आहे काय? आणि श्रद्धा राखून काम निभेल असा मधला मार्ग आहे काय? ज्या नियमाचे कारण सांगता येते, तो पाळून घेण्यास सक्तीची आवश्यकता सहसा पडत नाही.