सीरियल भाड्याची, बातमी घरची : शहरातली लोकल चॅनेल्स बातम्यांवरच का जगतात?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. नागपुरात रात्रभर पाऊस कोसळला होता. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि सीताबर्डीतल्या मोरभवन बसस्थानकात एसटी आणि शहर बस पाण्यात उभ्या राहिल्या.

सकाळ झाली तशी मुंबई-दिल्लीच्या चॅनेलांवर बातमी आली, ‘नागपुरात पूर’. बातमी खरीच होती. पण बर्डीत ज्याचं दुकान आहे त्याचे प्रश्न वेगळे होते. मोदी नंबरच्या गल्लीत पाणी आहे का? लोखंडी पुलाखालून गाडी जाते का? मोरभवनवरून सुटणारी गावाकडची बस आज कुठून सुटणार? लाईट कधी येणार?

हे प्रश्न राज्यभराच्या प्रेक्षकांच्या कामाचे नाहीत, त्यामुळे राज्यभराचं चॅनेल त्यांच्यावर अर्धा तास घालवू शकत नाही. ते घालवू शकतं फक्त शहराचं स्वतःचं चॅनेल.

आता साधा प्रश्न असा की, करमणुकीला कायम जास्त प्रेक्षक असतो. सीरियल बघणारं घर सापडतं, पण महापालिकेच्या बातम्यांसाठी टीव्ही लावून बसणारं घर शोधावं लागतं. मग शहरातली लोकल चॅनेल्स सीरियल सोडून बातम्यांच्या मागे का लागतात?

उत्तर पैशात आहे. पण ते नीट कळायला आधी थोडं अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

सिंडिकेशन म्हणजे काय?

अमेरिकेत टीव्हीची रचना शहरागणिक आहे. प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची टीव्ही स्टेशन्स असतात. ही स्टेशन्स दिवसातला काही वेळ राष्ट्रीय नेटवर्कचे कार्यक्रम दाखवतात आणि उरलेला वेळ त्यांना स्वतः भरावा लागतो.

तो भरायचे दोन मार्ग. एक तर स्वतः काहीतरी बनवायचं, किंवा बाजारातून तयार कार्यक्रम विकत घ्यायचा. एकच कार्यक्रम बनवून तो शहराशहरातल्या स्टेशनांना वेगवेगळा विकायचा, या धंद्याला सिंडिकेशन म्हणतात. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ आणि ‘जेपर्डी’सारखे गेम शो असेच वर्षानुवर्षं विकले गेले.

यातलं सगळ्यात मोठं नाव ओप्रा विन्फ्रेचं. तिचा शो १९८६ ला देशभर विकायला सुरुवात झाली आणि २५ मे २०११ ला तो बंद झाला. २५ वर्षं दुपारची वेळ ओप्राच्या नावावर होती. ती गेल्यावर स्टेशनांपुढे प्रश्न पडला, आता त्या वेळेत काय लावायचं?

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी या स्टेशनने दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता लोकल बातम्या सुरू केल्या. हा मार्ग धरणारं ते एकटं नव्हतं. इतर शहरांतल्या स्टेशनांनीही तेच केलं.

त्यामागचं गणित काय?

तयार शो विकत घेतला की स्टेशन दोनदा पैसे मोजतं. एकदा शोची किंमत रोख द्यायची. त्यावर शो विकणारी कंपनी जाहिरातींच्या वेळेतला काही वाटा स्वतःकडे ठेवते, तो वेळ स्टेशनला विकता येत नाही. शो गाजला की पुढच्या करारात किंमत वाढते. म्हणजे शो चालवून दाखवायचा स्टेशनने आणि भाव वाढवायचा मालकाने.

बातम्यांचं उलटं आहे. रिपोर्टर, कॅमेरा, अँकर, स्टुडिओ हा खर्च स्टेशन आधीच करत असतं. सकाळ-संध्याकाळचं बुलेटिन असतंच, त्याच लोकांकडून चार वाजताचं आणखी एक करून घेतलं तर वाढीव खर्च त्या मानाने कमी. आणि जाहिरातीचा सगळा वेळ स्वतःचा.

भाड्याच्या दुकानात धंदा वाढला की मालक भाडं वाढवतो. स्वतःच्या जागेत वाढला तर तो पैसा घरातच राहतो. फरक एवढाच आहे.

आपल्याकडे हे कुठे लागू होतं?

आपल्याकडे शहरागणिक टीव्ही स्टेशन्स कधी नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे ‘सातच्या बातम्या’ सगळ्या महाराष्ट्राने एकत्र बघितल्या. खासगी चॅनेल्स आली ती सॅटेलाईटवरून, तीही एकदम सगळ्या देशासाठी किंवा सगळ्या राज्यासाठी.

शहराचं चॅनेल आलं ते वेगळ्याच वाटेने. ते आलं केबलवाल्याकडून.

नव्वदच्या दशकात गल्लीतला केबलवाला स्वतःच्या खोलीत व्हीसीआर ठेवून रात्री पिक्चर लावायचा. त्याच्या जाळ्यावरची रिकामी जागा हेच त्याचं चॅनेल. हक्क, परवानगी याचा फारसा विचार कुणी करत नव्हतं. पण १९९५ मध्ये केबल टीव्हीचा कायदा आला, कॉपीराईटची तक्रार होऊ लागली आणि दुसरीकडे सॅटेलाईट चॅनेल्स दिवसभर पिक्चर दाखवू लागली. केबलवाल्याचा पिक्चर फुकटात मिळणाऱ्या गोष्टीसारखा झाला.

मग त्याच्याकडे असं काय होतं जे झी किंवा स्टारकडे नव्हतं? त्याचं शहर.

नागपुरात यूसीएन हे केबलचं नाव घरोघरी माहीत आहे आणि यूसीएन न्यूज हे त्याच जाळ्यावरचं बातम्यांचं चॅनेल. कोल्हापुरात बी न्यूज आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांमध्ये असं एखादं नाव सापडतं. अमेरिकेतली स्टेशन्स महागड्या शोमुळे बातम्यांकडे वळली. आपल्याकडच्या लोकल चॅनेल्सना लोकप्रिय शो विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतंच. रस्ते वेगळे, पण पोहोचले दोघेही एकाच ठिकाणी.

मोठंच शहर का लागतं?

कारण बातमीला दोन गोष्टी लागतात. रोज घडणारं काहीतरी आणि त्यासाठी पैसे देणारं कुणीतरी. सीताबर्डीत या दोन्ही गोष्टी आहेत.

नकाशा बघा. बर्डीपासून विधानभवन हाकेच्या अंतरावर. महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ हे सगळं शेजारच्या सिव्हिल लाईन्समध्ये. रेल्वे स्टेशन जवळ, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीलाच मिळतात. एक रिपोर्टर आणि एक कॅमेरामन दुचाकीवर फिरून दिवसात तीन-चार बातम्या करू शकतात. पेट्रोलही फार जळत नाही.

पैसे देणारेही इथेच. बर्डीचा मेन रोड म्हणजे कपडे, चपला, दागिने, मोबाईल. दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते. या दुकानदाराला पुण्यातला ग्राहक नको आहे, त्याला धरमपेठ, महाल आणि सक्करदऱ्यातला ग्राहक हवा आहे. राज्यभराच्या चॅनेलवर जाहिरात देणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला नागपूरच्या सेलचं आमंत्रण देणं. लोकल चॅनेलवर तळाला सरकणारी पट्टी त्याला स्वस्त पडते आणि कामाची असते.

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकांमधून न्यूजरूमचा पगार निघू शकतो. लाखाच्या आतलं शहर असेल तर गणित अवघड होतं. भंडाऱ्यात बातमी कमी घडते असं नाही, तिथे जाहिरात देणारी दुकानं कमी आहेत.

गडचिरोलीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. हे जवळपास दरवर्षी होतं. तिथल्या माणसालाही तेच प्रश्न पडतात जे बर्डीच्या दुकानदाराला पडले होते. रस्ता कधी सुरू होणार, दवाखान्यात कसं जायचं, लाईट कधी येणार. पण भामरागडला मेन रोड नाही, दिवाळीचा सेल नाही. म्हणून स्वतःचं चॅनेलही नाही.

थोडक्यात, जो हिशोब नागपूरला बातमी देतो, तोच हिशोब भामरागडला देत नाही.

डिसेंबर गेला की काय उरतं?

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं. डिसेंबरात मुंबईची सगळी चॅनेल्स ओबी व्हॅन घेऊन येतात. मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस ते अडवतात, तिथून लाईव्ह सुरू होतं. आठ-पंधरा दिवस नागपूर राज्याच्या बातम्यांच्या मध्यभागी असतं.

अधिवेशन संपलं की व्हॅन परत जातात. मोर्चात आलेल्यांचे प्रश्न मात्र जानेवारीतही असतात आणि जूनमध्येही.

त्यातच आणखी एक गोष्ट झाली. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक लांबत गेली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवकच नव्हते. २०२३ च्या पुरात घरात चिखल साचला तेव्हा ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा वॉर्डातला निवडून आलेला माणूस नव्हता. सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. अशा वेळी नाल्याची भिंत का पडली हे कॅमेऱ्यासमोर अधिकाऱ्याला विचारणं, हे नगरसेवकाचं अर्धं काम लोकल रिपोर्टरकडे येतं.

रेडिओ हे करू शकत नाही, कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. ते आकाशवाणीच्या बातम्या लावू शकतात, ट्रॅफिक आणि हवामान सांगू शकतात. पण रस्ता का खचला आणि कंत्राट कुणाला दिलं होतं, हे विचारू शकत नाहीत. केबलवरचं चॅनेल विचारू शकतं.

मग सगळं चांगलंच आहे का?

नाही. स्वतःच्या जागेतल्या दुकानाचेही त्रास असतात.

पहिला त्रास जाहिरातदाराचा. ज्या बिल्डरची पट्टी रोज सरकते त्याच्या इमारतीत पार्किंग नाही, ही बातमी करायला हिंमत लागते. राष्ट्रीय चॅनेलचा एक जाहिरातदार गेला तर दुसरा येतो. शहरात मोठे जाहिरातदार मोजकेच असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

दुसरा त्रास निवडणुकीचा. उमेदवाराला लोकल केबलइतकं स्वस्त आणि नेमकं माध्यम नाही. म्हणूनच २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून टीव्ही आणि केबलवरची राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती असते. पण जाहिरात बातमीच्या वेशात आली तर ती ओळखायची जबाबदारी प्रेक्षकावरच येते.

तिसरा त्रास नियमांचा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२२ ला केबल कंपन्यांच्या या स्वतःच्या चॅनेल्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

– प्रत्येक चॅनेलची ऑनलाईन नोंदणी, फी १ हजार रुपये.
– लोकल बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी.
– अशी चॅनेल्स एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. शिवाय जिल्ह्याच्या गरजेसाठी प्रत्येक जिल्ह्यात २ जास्तीची.
– एका केबल कंपनीचं चॅनेल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर दाखवता येणार नाही.
– सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं.

चौथा मुद्दा नीट बघा. लोकल चॅनेल त्याच केबलच्या ग्राहकालाच दिसतं. घरी डिश बसवली की दोनशे चॅनेल्स येतात, पण शहराचं चॅनेल जातं.

आणि मजकुराबद्दल तक्रार आली तर ती बघतो केबल कायद्याखालचा प्राधिकृत अधिकारी. म्हणजे जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त. लोकल बातमी ज्यांच्या कामाबद्दल असते, बऱ्याचदा तेच.

आता मोबाईलवर काय होतंय?

डिशमुळे गेलेला प्रेक्षक लोकल चॅनेल्स यूट्यूब आणि फेसबुकवर परत शोधत आहेत. तिथे केबलचं कुंपण नाही. बर्डीची बातमी पुण्यात नोकरी करणारा नागपूरचा मुलगाही बघतो.

पण तिथे गणित पुन्हा फिरतं. केबलवर जाहिरातीचा पैसा थेट चॅनेलकडे यायचा. यूट्यूबवर आधी यूट्यूब आपला वाटा कापून घेतं आणि कोणता व्हिडिओ पुढे सरकवायचा हेही तेच ठरवतं. भांडणाचा व्हिडिओ धावतो, नालेसफाईच्या टेंडरचा धावत नाही. सीरियलचं भाडं वाचवून जी जागा स्वतःची केली होती, तिथे पुन्हा नवा घरमालक आला आहे.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मोरभवनसमोर पाणी साचलं आणि कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून कुठला रस्ता सुरू आहे ते सांगत असलं, तर तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. आणि पाणी ओसरल्यावर तोच माणूस ‘हे पाणी साचलं का’ असं महापालिकेत जाऊन विचारत असेल, तर तोही बघा. दुसऱ्या व्हिडिओला प्रेक्षक मिळाला तरच तो पुन्हा बनेल.