कल्हईचे कसब, बोर्डाची भट्टी

बीड जिल्ह्यातल्या जुन्या श्रोत्यांना कल्हईवाला आठवत असेल. भांडे नेमके तापले की तो नवसागर टाकी आणि कथील फिरवी. शेतपंपाच्या मोबाइल स्टार्टरमधल्या सर्किट बोर्डाचेही तसेच आहे.

अशा बोर्डांच्या भट्टीचे तापमान ठरवणे हे माझे काम. पूर्वीचे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळे. युरोपने २००६ साली शिशावर निर्बंध आणले. त्यानंतर रूढ झालेले कथील, चांदी, तांब्याचे सोल्डर २१७ अंशांना वितळू लागते. बरेच सुटे भाग मात्र २६० अंशांपलीकडे टिकत नाहीत. म्हणून बोर्ड सेकंदाला एक-दोन अंशांनी तापवायचा, १५० ते २०० अंशांत मिनिट-दीड मिनिट मुरू द्यायचा, सुमारे २४५ अंशांपर्यंत न्यायचा आणि थंड करायचा. घाई केली तर भाग तडकतात. उष्णता कमी पडली तर सांधा कच्चा राहतो.

भट्टीवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. बोर्डावरच्या जड आणि हलक्या भागांपाशी थर्मोकपल चिकटवून मोजतो. कारण कच्चा सांधा कारखान्यातल्या चाचणीत खपून जातो आणि रात्रीच्या विजेच्या पाळीत, पिकाला पाणी हवे तेव्हा, दगा देतो.