ड्रिल मशीन आणि त्याच्या चावीची गोष्ट

हातात धरून भोके पाडण्याचे विजेचे यंत्र, म्हणजे सुतार आणि दुकानदार ज्याला सरसकट ‘ड्रिल मशीन’ म्हणतात ते, शतकाहून अधिक काळ सुधारत आले आहे. मात्र दर सुधारणेने जुनी कटकट मिटवताना वापरणाऱ्याच्या गळ्यात नवी बांधली आहे. जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये असे ड्रिल बनवले, आणि १९१७ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका असलेल्या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे खटका दाबून बोट दुखू नये म्हणून मुठीच्या कडेला लॉकचे बटण आले. ते नकळत दाबले गेले की खटका सोडल्यावरही यंत्र फिरत राहते, आणि तेवढ्यात वायर आवरायला धावणाऱ्याची तारांबळ उडते.

खरा छळ मात्र चकचा. चक म्हणजे भोक पाडणाऱ्या बिटला तीन जबड्यांत आवळून धरणारा पुढचा भाग. तो दातेरी टोकाच्या चावीने आवळावा लागतो, आणि पकड सारखी बसावी म्हणून कडेच्या तिन्ही भोकांतून चावी फिरवायची असते, जे सहसा कोणी करत नाही. ही चावी हरवण्यासाठीच घडवली असावी असे वाटण्याइतकी लहान असते. जाणते कारागीर ती सुतळीने वायरलाच, पण मुद्दाम प्लगच्या टोकाजवळ बांधतात, म्हणजे चावी चकपर्यंत न्यायची तर आधी प्लग काढावाच लागतो. या यंत्राच्या इतिहासातील सर्वांत शहाणी सुधारणा बहुधा हीच असावी. बिनचावीचा, हाताने आवळायचा चक आला, तर तो हादऱ्यांनी सैल होतो, नाहीतर असा आवळतो की पाइप पान्याखेरीज हलत नाही.

भिंतीसाठीच्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून बिटला मिनिटाला हजारो ठोके देतात. विटेत हे छान चालते. परंतु मुंबई-पुण्याच्या इमारतींत पडद्याचा दांडा नेमका खिडकीवर, म्हणजे काँक्रीटच्या लिंटेलवरच लावायचा असतो. तिथे बिट आधी प्लास्टरवर घसरून खुणेपासून बोटभर सरकते, मग काँक्रीटशी झुंजते आणि शेवटी आतल्या सळईवर अडते, तेव्हा एका स्क्रूसाठी पाडलेले भोक तीन स्क्रूंना पुरेल एवढे होते. पुष्कळदा दोष काँक्रीटचा नसतोच. स्क्रू काढण्यासाठी उलटी दिशा देणारी कळ तशीच राहिलेली असते, त्यामुळे बिटची धार कापत नाही, नुसती घासते, आणि घामाघूम माणूस भिंतीच्या मजबुतीचे कौतुक करत राहतो.

काँक्रीटवरचा खरा उपाय म्हणजे हवेच्या दाबावर आतला दट्ट्या आपटणारे रोटरी हॅमर. त्यात बिट नुसते ढकलले की बसते, चावी लागत नाही. फक्त घरात साठवलेले साध्या गोल दांड्याचे एकही बिट त्यात बसत नाही.